ब्लोअरची घरघर कुठून आली?

बाणेर किंवा खराडीतल्या मोठ्या सोसायटीत, पार्किंगच्याही खाली, एका बंद खोलीतून अखंड घरघर ऐकू येते. तो एसटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राचा, ब्लोअर: टाकीत हवा सोडणारं यंत्र. 2006च्या अधिसूचनेने 20,000 चौरस मीटर आणि त्यापुढच्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी सक्तीची केली, आणि सांडपाणी जागच्या जागी शुद्ध करणारी यंत्रं तळघरांत येऊ लागली. यंत्रामागची कल्पना मात्र शंभर वर्षांहून जुनी आहे.

जाळीने कचरा अडवणं, वाळू तळाशी बसू देणं हे एकोणिसाव्या शतकातच जमलं होतं. विरघळलेली घाण जाळीत सापडत नाही. ती जिवाणूंनीच खायला हवी, आणि त्यांना हवा हवी. 1914 साली मँचेस्टरमध्ये एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडली. पहिल्या खेपेला पाणी पुरतं शुद्ध व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. त्यांनी वरचं नितळ पाणी काढून घेतलं, पण तळचा गाळ फेकला नाही. त्यावरच ताजं सांडपाणी ओतलं. असं करता करता आठवड्यांचं काम तासांवर आलं. आपण विरजण राखून ठेवतो, तसाच हा गाळ! या सगळ्या इतिहासात मला ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. त्यांना या वाटेवर आणणारे गिल्बर्ट फाउलर पुढे 1916 साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले.

टाकी भरायची, हवा द्यायची, गाळ बसू द्यायचा, पाणी काढायचं: ही मूळ पद्धत लवकरच मागे पडली. माणसांनी सतत झडपा उघडायच्या-मिटायच्या, आणि हवा थांबली की टाकीच्या तळाशी हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या सच्छिद्र फरशांमध्ये, म्हणजे डिफ्युझरमध्ये, गाळ भरायचा. पुढे रबरी पडद्याचे डिफ्युझर आले. हवा थांबताच त्यांच्या बारीक चिरा आपोआप मिटतात. झडपांचं काम संगणकीय नियंत्रणाकडे गेलं. मग तीच जुनी पद्धत ‘एसबीआर’ नावाने परतली. पुणे महापालिकेच्या काही केंद्रांत ती आज चालते.

सोसायट्यांत जास्त दिसते ती एमबीबीआर ही दुसरी पद्धत, 1980च्या दशकाअखेरीस नॉर्वेत घडलेली. प्लॅस्टिकच्या छोट्या चक्रांवर जिवाणूंचा थर वाढतो आणि ब्लोअरच्या हवेने ती चक्रं टाकीभर फिरत राहतात.

वीजबिल वाढलं की रात्री ब्लोअर बंद ठेवायचा विषय सभेत हमखास निघतो. कृपा करून तसं करू नका. हवा तुटली की चक्रं थांबतात, प्राणवायूवर जगणारे जिवाणू गुदमरतात, आणि सडक्या अंड्यांचा वास पार्किंगमधून वर चढू लागतो.