खडपातली काळी भिंत

मागच्या मे महिन्यात भाचीला घेऊन मुरूडला गेले होते. वाटेत तिला सांगून ठेवलं होतं, "आज तुला ज्वालामुखी दाखवते." ओहोटी लागली तशा आम्ही खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या उघड्या कातळात, उतरलो. तिने चहूकडे पाहिलं. पुढे समुद्र, मागे नारळी-पोफळी. "मावशी, डोंगर कुठाय? त्याचं तोंड कुठाय?"

तोंड कधीच झिजून गेलं. उरलाय तो घसा, आणि ती त्याच्यावरच उभी होती.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे शंकूसारखा एखादा डोंगर फुटला नाही. जमिनीलाच लांबलचक भेगा पडल्या आणि त्यांतून अकराशे-बाराशे अंश सेल्सिअस तापलेला पातळ शिलारस वर येऊन दूरवर पसरला. एक थर थिजायचा, मग केव्हातरी त्यावर दुसरा. असे थर साचत गेले. आजही हा काळवत्री दगड, म्हणजे बेसाल्ट, सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सह्याद्रीच्या कड्यांना ज्या पायऱ्या दिसतात, ते हेच थर.

घाटावर नजर त्या थरांवरच खिळते. भेगा पाहायला मात्र मला कोकणचा किनाराच आवडतो. सह्याद्रीचा कडा एके काळी आजच्यापेक्षा बराच पश्चिमेला होता. पावसाने आणि नद्यांनी तो झिजवत झिजवत मागे रेटला, त्यामुळे कोकणपट्टीत या सगळ्या रचनेचं पोट उघडं पडलंय. भेगेत अडकून तिथेच थिजलेल्या रसाची उभी भिंत होते, तिला डाइक म्हणतात. कोर्लई ते मुरूडच्या पट्ट्यात अशा भिंती बऱ्याच आहेत. वरपर्यंत सगळ्याच पोचल्या असतील असं नाही, काहींतला रस वाटेतच थिजला. पण वाट हीच.

आम्हाला सापडलेली भिंत चार-पाच फूट रुंद होती. आजूबाजूच्या कातळाला कापत ती सरळ रेषेत पाण्यात शिरली होती. जो कापतो तो नंतरचा, हे भाचीला लगेच पटलं. मग मी तिला गुडघ्यांवर बसवून भिंतीच्या कडेवरून बोट फिरवायला लावलं. कडेला दगड इतका बारीक कणांचा की गुळगुळीत लागतो. मध्यभागी तोच खरखरीत, आणि भिंगातून पाहिलं तर स्फटिक वेगवेगळे ओळखू येतात. तापलेला रस भेगेच्या थंड भिंतींना टेकला, तिथे झटकन थिजला, कणांना वाढायला वेळच मिळाला नाही. मधला भाग सावकाश निवाला. शिवाय निवताना दगड आकसतो आणि त्याला तडे जातात. ते तडे थंड होणाऱ्या बाजूशी काटकोनात पडतात, म्हणून डाइकमधले खांब आडवे असतात, सरपणाची मोळी रचावी तसे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर ते उभे दिसतात.

दगडातल्या भोकांबद्दल मात्र सावध राहावं. शिलारसातल्या वायूच्या बुडबुड्यांची भोकं थराच्या माथ्याकडे जास्त असतात आणि पुष्कळदा पांढऱ्या-हिरवट खनिजांनी भरलेली असतात. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर मधाच्या पोळ्यासारखी जी सुरेख जाळी दिसते, ती मात्र बुडबुड्यांची नव्हे, खाऱ्या पाण्याची करणी. मीठ दगडाच्या बारीक फटींत सुकतं, त्याचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा कण न् कण सुटा होत जातो. तुरळ-राजवाडीच्या उन्हाळ्यांचंही, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचंही, असंच. तिथलं पाणी तापवायला खाली शिलारस उरलेला नाही. पावसाचं पाणी खोल फटींतून उतरतं, पृथ्वीच्या पोटातल्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि वर येतं.

भरती चढू लागली तेव्हा कालवं काढणाऱ्या दोघी बाया खडपातून परतत होत्या. भाची अजून भिंतीवरच होती, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पावलं मोजत. "मावशी, म्हणजे रस इथून वर आला?" तिने खाली बोट दाखवलं. मी हो म्हणाले. तिने हळूच चप्पल काढली आणि दगडावर अनवाणी पाय ठेवला.