केळीतलं बी कुणी काढलं नाही

जळगावच्या केळीपट्ट्यात, रावेर-यावलकडे अजूनही कुणी ना कुणी सांगतंच: "टिश्यूकल्चरच्या केळीचा डीएनए बदललाय, म्हणून तिच्यात बी नाही." टिश्यूकल्चर म्हणजे प्रयोगशाळेत केळीच्या कोंबाच्या तुकड्यापासून रोपं वाढवणं. तिचा डीएनए बदललाय म्हणून बी नाही, हे चूक आहे. आजोबांच्या काळातल्या बसराई जातीच्या केळीत तरी बी कुठं होतं?

केळं मधोमध चिरून पाहा. ते बारीक काळे ठिपके म्हणजे न वाढलेली बीजांडं. मूळ रानकेळीच्या पेशीत 11 गुणसूत्रांचे दोन संच, म्हणजे 22. बसराई आणि टिश्यूकल्चरने लावतात त्या ग्रँड नैन जातीत तीन संच, 33. बी धरायला आधी गुणसूत्रांच्या जोड्या लागून निम्मी वाटणी व्हावी लागते. तिघांत ती नीट जमत नाही. फळ मात्र परागाशिवायच भरतं.

टिश्यूकल्चरमध्ये पेशी साधीच विभागते: डीएनएची नक्कल होते, दोन्हीकडे 33-33 गुणसूत्रं जातात. मुनवा, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटणारं पिल्लू, वाढतानाही हेच घडतं.