नर्सिंगची शिष्यवृत्ती अडते ती आजोबांच्या कागदावर

बी.एस्सी. नर्सिंगला राखीव जागेवर प्रवेश घेणाऱ्या आदिवासी मुलींचे महाडीबीटीचे, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचे, अर्ज मी काही वर्षांपासून भरून देते. मार्कांवरून अडलेली मुलगी क्वचितच भेटते. बहुतेक जणी कागदावर अडतात, आणि तो कागद आजोबा-पणजोबांचा असतो.

अनुसूचित जमातीसाठीच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 2.5 लाखांच्या आत लागते आणि प्रवेश कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ती मिळत नाही. "आधी जागा घ्या, शिष्यवृत्तीचं नंतर बघू" असं कुणी म्हणालं तर पैसे भरू नका.

जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. व्हॅलिडिटी, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समिती देते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पालक नेमके इथेच गाफील राहतात. समितीला महिनोन्‌महिने लागू शकतात, म्हणून अकरावी-बारावी विज्ञानात असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करा. निकालानंतर धावपळ करून हाती काही लागत नाही.

समिती घराण्याच्या जमातीचा 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा मागते. "आजोबा शाळेतच गेले नव्हते हो," हे दरवर्षी ऐकते. शाळा गावापर्यंत पोचलीच नव्हती, त्यात या मुलीचा काय दोष? अशा वेळी तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल मागा. ही जन्म-मृत्यूची जुनी नोंद, गाव नमुना 14. आजोबांची सापडली नाही तर वडिलांकडच्या रक्तनात्यात शोधा: चुलत आजोबा, आजोबांची बहीण. पान मोडीत असेल तर लिप्यंतर करून घ्या. वडील, काका किंवा सख्ख्या भावाकडे व्हॅलिडिटी असेल तर तिची प्रत आणि वंशावळीचे शपथपत्र जोडा, वाट बरीच सोपी होते.

एका मुलीच्या नकलेत आजोबांपुढे नुसते 'कोळी' होते, दाखल्यावर मात्र 'कोळी महादेव', म्हणजे नोंद जुळत नव्हती. वडील मजुरी बुडवून दोन तालुक्यांतल्या शाळा फिरले. शेवटी शाळेच्या प्रवेश नोंदींच्या एका फाटक्या जनरल रजिस्टरात आजोबांच्या सख्ख्या भावापुढे 'महादेव कोळी' सापडले. तो उतारा मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी घेतला.

समितीच्या दक्षता पथकाच्या चौकशीत कुलदैवत, लग्नाचे विधी, बोली विचारतात. गाव सुटून दोन पिढ्या झालेल्या घरातली मुलगी गोंधळते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये स्पष्ट केले आहे की ही आप्तभाव चाचणी (जमातीच्या चालीरीतींशी नाते तपासणे) एकमेव निर्णायक कसोटी नाही. तेव्हा माहीत नसेल ते माहीत नाही म्हणा, पढवलेली उत्तरे देऊ नका.

आदिवासी भागात 3,000 लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र हा निकष आहे. तिथे बोली समजणारी नर्स असली की बाळंतीण दुखणे मोकळेपणी सांगते. अशा नर्स घडवायच्या तर एका कागदासाठी मुलीला वर्षभर ताटकळत ठेवणे मला पटत नाही.

उत्पन्नाच्या दाखल्यावर तळाशी मुदत छापलेली असते, बहुधा 31 मार्च. फेब्रुवारीत काढलेला दाखला प्रवेशाच्या वेळी बाद झालेला असतो.

बँकेचे तर फार जणींना कळतच नाही. खात्याला आधार 'लिंक' असणे पुरेसे नाही. पैसे एनपीसीआयकडे (देशातले बँक व्यवहार जोडणारी संस्था) ज्या खात्याशी आधार शेवटचे जोडले गेले, तिथेच जातात. एकीने सिम घेताना अंगठा दिला आणि तिच्या नकळत पेमेंट बँकेत खाते उघडले गेले. पहिला हप्ता तिकडे पडून होता आणि ती आपले पासबुक भरून आणत होती. अर्जाआधी आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती, म्हणजे आधार कोणत्या बँकेशी जोडले आहे ते, तपासा.

बाकी मार्कशीट, अधिवास, शिक्षणात गॅप असल्यास शपथपत्र, फीची पावती हे नेहमीचेच. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज आपणच भरायचा असतो, तो आपोआप होत नाही.

नोंदणी करताना सायबर कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर देऊ नका. अर्ज त्रुटीसाठी परत आला की एसएमएस त्यालाच जातो आणि मुदत संपेपर्यंत तुम्हाला पत्ता लागत नाही. आठवड्यातून एकदा लॉगिन करून अर्ज कॉलेजच्या लॉगिनवर आहे की आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात, ते पाहा. कॉलेजच्या क्लार्ककडेच थांबलेला दिसला तर दुसऱ्या दिवशी जाऊन भेटा.