बालवयातील सौम्य दाह आणि मधुमेहाचा धोका

जखमेनंतर किंवा जंतुसंसर्गात होणारा दाह लाली, सूज व वेदना यांमधून दिसतो आणि बहुधा काही दिवसांत शमतो. स्थूल मुलांमध्ये आढळणारा दाह सौम्य असतो, वर्षानुवर्षे चालू राहतो आणि मुलाला किंवा पालकांना त्याची जाणीव होत नाही. टाइप २ मधुमेहाची पूर्वतयारी ज्या प्रक्रियांनी होते, त्यांपैकी ही एक महत्त्वाची प्रक्रिया आहे.

तिचे मुख्य स्थान म्हणजे पोटातील अवयवांभोवती साठलेली चरबी. मेदपेशी फार फुगल्या की त्यांतील काही मरतात, त्यांचा निचरा करण्यासाठी आलेल्या भक्षक पेशी तेथेच ठाण मांडतात आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ यांसारखी दाहजनक द्रव्ये स्रवू लागतात. लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा वाढलेले असते व ते इन्सुलिनच्या, म्हणजे रक्तातील साखर पेशींत घेण्यास मदत करणाऱ्या संप्रेरकाच्या, कार्यात अडथळा आणते, हे १९९३ मध्ये दाखवले गेले. या द्रव्यांमुळे इन्सुलिनचा संदेश पेशीच्या आत पोचताना अडतो. स्नायू साखर कमी घेतात, यकृत ती सोडतच राहते आणि स्वादुपिंडातील बीटा पेशींना जादा इन्सुलिन तयार करावे लागते. ही भरपाई होत असेतोवर रक्तातील साखर नेहमीसारखी दिसते, म्हणून केवळ तेवढ्यावरून निर्धास्त होणे योग्य नव्हे. दाह आणि साखर यांच्या संबंधाचा धागा बराच जुना आहे : सॅलिसिलेट या दाहशामक औषधाने मधुमेही रुग्णांच्या लघवीतील साखर कमी होते, असे जर्मन वैद्य एब्स्टाइन यांनी १८७६ मध्येच नोंदवले होते.

वयात येताना, मुख्यतः वाढीच्या संप्रेरकामुळे, निरोगी मुलांमध्येही इन्सुलिनरोध (पेशींनी इन्सुलिनला कमी प्रतिसाद देणे) तात्पुरता वाढतो. स्थूल मुलावर हे दोन्ही भार एकाच वेळी पडतात. त्यातच, लहान वयात टाइप २ मधुमेह झाल्यास बीटा पेशींचा ऱ्हास प्रौढांपेक्षा वेगाने होतो. टाइप १ मधुमेहात मात्र रोगप्रतिकार यंत्रणाच बीटा पेशींवर हल्ला करते. तेथील दाहाचा उगम वेगळा असून त्याचा दोष मुलाच्या वजनाला देता येत नाही.

यकृतात तयार होणारे सी-रिॲक्टिव्ह प्रथिन दाहाची कल्पना देते, परंतु साध्या संसर्गानेही ते वाढत असल्याने त्यावरून मधुमेहाचे निदान करत नाहीत. त्यासाठी उपाशीपोटीची साखर (१०० ते १२५ मिग्रॅ. प्रति डेसिलिटर म्हणजे पूर्वमधुमेह) आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी, (५.७ ते ६.४ टक्के म्हणजे पूर्वमधुमेह) पाहतात. वजन जास्त असून घरात मधुमेह असेल किंवा गरोदरपणी आईला तो झाला असेल, तर दहाव्या वर्षी किंवा वयात येताना, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, तपासणी सुरू करावी. मानेवर किंवा काखेत मखमलीसारखी जाड, काळसर त्वचा दिसणे हे इन्सुलिनरोधाचे लक्षण असू शकते; तो मळ नसतो आणि घासून जात नाही.

व्यायामात स्नायू इन्सुलिनवाचूनही साखर घेतात, म्हणून ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते दमवणारी हालचाल करणे विशेष मोलाचे ठरते. गोड पेये टाळणे व पुरेशी झोप यांचीही जोड हवी. वाढत्या वयाच्या अनेक मुलांना वजन घटवावेही लागत नाही. ते आहे तेथे स्थिर राहिले, तरी उंचीबरोबर शरीरातील चरबीचे प्रमाण उतरत जाते.