वळसा कोणी घ्यायचा?

वाशीच्या खाडीपुलावर लाल रेघ दिसली की नवी मुंबईकर गाडी ऐरोलीकडे वळवतो. पण ती रेघ सगळ्यांच्याच मोबाइलवर उमटलेली असते, त्यामुळे थोड्याच वेळात ऐरोली तुंबते. विमान कंपन्यांचंही असंच होतं.

हवाई वाहतूक नियंत्रकांसाठी आकाश सेक्टरमध्ये, म्हणजे ठरावीक भागांत वाटलेलं असतं. एका सेक्टरमध्ये तासाला किती विमानं घ्यायची, हे जागेपेक्षा नियंत्रकाला किती विमानं सांभाळता येतील यावर ठरतं. गर्दी होणार असं दिसलं की विमानं निघण्याआधीच रोखली जातात. मग कंपनीचा डिस्पॅचर, म्हणजे उड्डाणाचा मार्ग आखणारा माणूस, दुसरा मार्ग शोधतो आणि कालच्या मार्गांवर बेतलेलं नियोजन कोलमडतं. म्हणून संशोधक संगणकात या वाहतुकीची नक्कल, म्हणजे सिम्युलेशन करताना प्रत्येक कंपनीला अनुभवातून शिकणारा खेळाडू बनवतात.

समजा, 40 विमानं आणि दोन मार्ग आहेत. जवळचा 60 मिनिटांचा, पण 20 विमानांपुरताच. त्यापुढच्या प्रत्येक विमानामागे तिथल्या सगळ्यांना 2 मिनिटं उशीर. लांबचा 70 मिनिटांचा, कायम मोकळा. पहिल्या दिवशी सगळे जवळून गेले तर 100 मिनिटं लागतात. दुसऱ्या दिवशी झाडून सगळे लांबून, तिसऱ्या दिवशी पुन्हा जवळून! खेळाडू फक्त कालचंच लक्षात ठेवत असतील तर हे हेलकावे थांबतच नाहीत. रोज मोजक्यांनीच मार्ग बदलला, तर हळूहळू 25 आणि 15 अशी वाटणी स्थिरावते.

खरी गंमत इथेच आहे. आता दोन्हीकडे 70 मिनिटंच लागतात, म्हणजे जवळच्या मार्गाचा कोणालाच फायदा नाही. तिथली 5 विमानं लांबून गेली तर उरलेल्या 20 जणांची प्रत्येकी 10 मिनिटं वाचतील, आणि त्या पाचांचं काहीच बिघडणार नाही. पण आपणहून हटणार कोण? रस्त्यांच्या बाबतीत ब्रिटिश वाहतूक-अभ्यासक जॉन वॉर्ड्रॉप यांनी 1952मध्येच हा पेच मांडला होता.

एक उपाय शुल्काचा. जवळच्या मार्गावर 10 मिनिटांच्या किमतीएवढं शुल्क लावलं की वाटणी 20-20 होते. कागदावर! प्रत्यक्षात युरोपात आपल्या आकाशातून जाऊ देण्याचा प्रत्येक देशाचा दर वेगळा असल्याने स्वस्त आकाशासाठी काही विमानं वळसा घालतात. शिवाय पुढचं विमान पकडायचे प्रवासी घेऊन येणाऱ्या कंपनीला एकेक मिनिट महाग असतं, दुसरीला इंधन.

25 डिसेंबर 2025पासून नवी मुंबईहूनही उड्डाणं सुरू झाली आहेत. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे तिथली क्षमता आधीच तोकडी. इथल्या आकाशाचं सिम्युलेशन करताना दोन्ही विमानतळ एकत्रच धरावे लागतील; नाहीतर एकीकडची रांग घटवणारा नियम दुसरीकडे रांग लावून मोकळा होईल.