दिनविशेषाचा बॅनर सांगायला येण्याआधी एवढे वाचा
(ऑक्टोबर २०२६ साठी, आमच्या ग्राहकांना)

पितृपक्ष सुरू झाला की आमच्या बॅनर छपाईच्या दुकानात दोन प्रकारची मंडळी येतात. पहिली नवरात्र मंडळांची पोरं. त्यांचे सगळे गेल्या वर्षीच ठरलेले असते, फक्त अध्यक्षांचा फोटो बदलायचा असतो. दुसरी मंडळी म्हणजे शाळा, अंगणवाड्या, पतसंस्था, महिला मंडळे, चष्म्याची आणि बेकरीची दुकाने. यांचा प्रश्न एकच. “भाऊ, या आठवड्यात कोनता दिन शे? काहीतरी हटके करायचंय.”

प्रश्न चांगला आहे आणि उत्तर द्यायला आम्हाला आवडते. पण मशीन चालू असताना, एका हातात व्हिनाइलचा रोल आणि दुसऱ्या हातात फोन, अशा अवस्थेत पारोळ्यापासून चोपड्यापर्यंत सगळ्यांना तेच सांगत बसणे जमत नाही. म्हणून हे पत्रक. काउंटरवर गठ्ठा ठेवला आहे. एक घरी न्या, एक शाळेच्या नोटीस बोर्डावर लावा.

आधी तारीख पक्की करा

आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट डिझाइन नाही, तारीख आहे. बहुतेक जण व्हॉट्सॲपवर फिरणारी यादी पुढे करतात किंवा मागच्या बॅनरचा फोटो पाठवून “फक्त साल बदला” म्हणतात. गडबड इथेच होते, कारण सगळे दिवस एका जातीचे नसतात.

काही दिवस तारखेचे असतात. वाचन प्रेरणा दिन १५ ऑक्टोबरलाच, जागतिक अन्न दिन १६ ऑक्टोबरलाच. इथे साल बदलले की काम झाले. काही दिवस वाराचे असतात. जागतिक दृष्टी दिन ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी, जागतिक अंडी दिन दुसऱ्या शुक्रवारी, जागतिक स्माइल दिन पहिल्या शुक्रवारी. वार ठरलेला, पण तारीख दरवर्षी सरकते. तिसरे आपले तिथीचे, आणि ते तर केवढे सरकतात बघा. दसरा २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला होता, २०२५ मध्ये थेट गांधी जयंतीच्या दिवशी आला, आणि यंदा अधिक ज्येष्ठ येऊन गेल्यामुळे तो २० ऑक्टोबरला आहे.

यंदाचेच उदाहरण सांगतो. अंड्यांचा धंदा करणाऱ्या एका ग्राहकांनी मॅटर पाठवले: “११ ऑक्टोबर, जागतिक अंडी दिनाच्या हार्दिक शुभेच्छा, एका ट्रेवर खास सवलत.” यादी २०२४ सालची होती. त्या वर्षी दुसरा शुक्रवार ११ तारखेला होता. २०२५ मध्ये तो १० ला आला, यंदा ९ ला आहे. आणि यंदाच्या ११ ऑक्टोबरला काय आहे? घटस्थापना. बाजारपेठेतल्या चौकात, देवीच्या मंडपाच्या कमानीशेजारी अंड्यांच्या सवलतीचा बॅनर लागला असता! प्रूफ (छपाईआधीचा नमुना) बघताना लक्षात आले म्हणून निभावले. खरे तर ९ तारीखही अंड्यांसाठी बरी नाही, कारण तो पितृपक्षातला शुक्रवार आहे, दुसऱ्या दिवशी सर्वपित्री आणि तिसऱ्या दिवशी घट. त्यांना आम्ही सुचवले की बॅनर लहान करा, दुकानापुरता ठेवा आणि राहिलेल्या पैशांत दसऱ्यानंतर पत्रके वाटा. आमचे काम कमी झाले, पण त्यांचा माल खपेल.

वाराचे दिवस काढायची सोपी रीत अशी: पहिला शुक्रवार १ ते ७ या तारखांतच येतो, दुसरा ८ ते १४ मध्येच. दुसऱ्या शुक्रवारची म्हणून तुम्हाला मिळालेली तारीख ७ किंवा १५ असेल, तर ती चुकलेली आहे, पुढे विचारायचीच गरज नाही. कॅलेंडरच्या दुसऱ्या आठवड्यातला शुक्रवार बघू नका. २०२२ मध्ये महिना शनिवारी सुरू झाला, तेव्हा दुसऱ्या आठवड्यात बघणाऱ्यांना पहिलाच शुक्रवार सापडत होता.

आणखी एक गोंधळ आहे, पण थोडक्यात आटोपतो. काही दिवस जगाचे वेगळे आणि आपले वेगळे असतात. जागतिक शिक्षक दिन ५ ऑक्टोबरला, आपला ५ सप्टेंबरला. आंतरराष्ट्रीय बालिका दिन ११ ऑक्टोबरला, राष्ट्रीय बालिका दिन २४ जानेवारीला. ऑर्डर देताना “जागतिक” की “राष्ट्रीय” तेवढे सांगा.

९ ते १६ ऑक्टोबर: काय करता येईल

हा आठवडा आमच्या आवडीचा आहे, कारण त्यात गंमत करायला जागा आहे. सगळेच दिवस सगळ्यांसाठी नाहीत, तेव्हा झेपेल तो एक घ्या.

९ तारखेला, शुक्रवारी, जागतिक टपाल दिन. १८७४ मध्ये याच तारखेला स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात टपाल खात्यांची जागतिक संघटना उभी राहिली, आणि भारत १८७६ पासून तिचा सदस्य आहे. शाळांसाठी याहून स्वस्त कार्यक्रम नाही. प्रत्येक मुलाने एक पोस्टकार्ड आणायचे आणि मामाच्या गावाला पत्र लिहायचे. पाचवी-सहावीच्या मुलांना पिनकोडचे सहा चौकोन भरायला सांगा, अर्धा वर्ग तिथेच अडतो आणि तास मजेत जातो. आमच्याकडून फार तर सनबोर्डची (हलक्या फोमच्या जाड पुठ्ठ्याची) एक लाल टपालपेटी घ्या, फोटो छान येतात. मात्र पत्रे खऱ्या पेटीत टाका. एका शाळेची पत्रे आमच्या सनबोर्डच्या पेटीतच दिवाळीपर्यंत पडून होती.

१० तारखेचा जागतिक मानसिक आरोग्य दिन गमतीचा नाही. त्यावर विनोदी चित्रे छापून मागू नका, आम्ही करत नाही.

११ ला आंतरराष्ट्रीय बालिका दिन. रविवार आहे आणि घटस्थापनाही, त्यामुळे शाळा भरणार नाही. पण आपल्या खान्देशात त्या दिवशी मुली तशाही जमतातच! भाद्रपद पौर्णिमेला बसलेली भुलाबाई कोजागिरीपर्यंत, म्हणजे यंदा २५ ऑक्टोबरपर्यंत, घरोघरी असते. गाणी म्हणायची, मग खिरापत ओळखायची. वेगळा कार्यक्रम शोधत भटकण्यापेक्षा याच संध्याकाळी गल्लीतल्या मुलींना एकत्र करा. आम्ही यासाठी छोटी कार्डे केली आहेत. एका बाजूला भुलाबाई-भुलोजीचे चित्र, दुसऱ्या बाजूला “गोड की तिखट?”, “तळलेली की भाजलेली?”, “ताटात की वाटीत?” असे प्रश्न आणि ओळखणारीचे नाव लिहायला जागा. मागच्या वर्षी एका महिला मंडळाने ही कार्डे नेली. लहान मुलींनी मोठ्या बायकांना हरवले, आणि हरणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कार्डांचा आणखी एक सेट मागितला.

१४ तारखेचा जागतिक मानक दिन कोणीच साजरा करत नाही. आमच्या लेखी मात्र तो छपाईवाल्यांचा सण आहे. १४ ऑक्टोबर १९४६ ला २५ देशांचे प्रतिनिधी लंडनमध्ये जमले आणि जगभर वस्तूंची मापे, दर्जा यांचे एकच नियम असावेत असे ठरले. त्यातून पुढच्या वर्षी आयएसओ ही मानके ठरवणारी जागतिक संघटना उभी राहिली. (खुद्द अमेरिकेत हा दिवस बऱ्याचदा भलत्याच तारखेला साजरा होतो. एकसारखेपणाचा दिवस, तोही एकसारखा नाही.) तुम्ही वापरता तो ए-४ कागद, २१० बाय २९७ मिलिमीटर, हाही अशाच मानकातला. त्याची खुबी अशी की अर्धा घडी केला तरी लांबी-रुंदीचे प्रमाण तेच राहते. विज्ञानाच्या सरांनी वर्गात एक कागद घडी घालत नेला, तर मुलांना दोनचे वर्गमूळ हातात धरून दाखवता येते. खर्च शून्य.

याच कागदावरून एक विनंती. मोबाइलवर ए-४ मध्ये केलेले डिझाइन पाठवून “याचाच सहा बाय तीनचा बॅनर काढा” असे म्हणू नका. सहा बाय तीनचे प्रमाण एकास दोन, ए-४ चे साधारण एकास एक पूर्णांक चार. ताणून बसवले की प्रमुख पाहुण्यांचे गाल दोन्ही बाजूंनी पसरतात, आणि पाहुणे आम्हाला शोधत येतात.

१५ तारखेला सर्वात जास्त गर्दी. डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस (१९३१), आणि २०१५ पासून महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन. जागतिक हात धुणे दिनही त्याच दिवशी, तो २००८ पासून. दोन्ही एकाच बॅनरवर घालता येतात, “आधी हात धुऊ, मग पुस्तक धरू” अशा ओळीचे आमचे तयार डिझाइन आहे. पण एक गोष्ट आम्ही छापत नाही: “संयुक्त राष्ट्रसंघाने घोषित केलेला जागतिक विद्यार्थी दिन.” संयुक्त राष्ट्रांच्या यादीत १५ ऑक्टोबरला ग्रामीण महिला दिन आहे, विद्यार्थी दिन नाही. कलामांच्या जन्मदिवशी विद्यार्थी दिन साजरा करायला कोणाची हरकत नाही, खुशाल करा. फक्त संयुक्त राष्ट्रांचे नाव घालू नका. काही सर नाराज होतात, “सगळीकडे तसंच छापलंय” म्हणतात. असेल. साने गुरुजी ज्या अमळनेरात शिकवायला होते, तिथल्या शाळेच्या फाटकावर चुकीचे वाक्य आमच्या मशीनवरून जाऊ नये, एवढेच.

१६ ला जागतिक अन्न दिन, कारण १९४५ मध्ये याच तारखेला संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना स्थापन झाली. त्याला जोडूनच जागतिक ब्रेड दिनही याच तारखेला पाळतात. बेकरीवाल्यांनी तो ब्रेडपुरता ठेवावा, बाकीच्यांनी भाकरी घ्यावी. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची), दादरची (रब्बी ज्वारीची), बाजरीची, एका टेबलावर मांडा आणि शेजारी ठेचा. अडचण एवढीच की यंदा हा दिवस नवरात्रात येतो आणि ज्यांना परीक्षक नेमाल, त्या मावश्या उपवासाला असतील. गेल्या आठवड्यात एक मॅडम याच कारणाने रद्द करायला आल्या होत्या. त्यांना सांगितले, परीक्षण चवीवर ठेवू नका. भाकरी किती गोल, किती पातळ, पापुडा सुटला की नाही, हे डोळ्यांनीच कळते आणि आपल्याकडच्या बायका तर ते लांबूनच सांगतात. आता त्यांचा कार्यक्रम ठरला आहे.

स्माइल दिनाबद्दल विचारणाऱ्यांना: यंदा पहिला शुक्रवार २ ऑक्टोबरला आहे, गांधी जयंतीला. त्यामुळे शाळांनी तो १ तारखेला उरकलेला बरा. पिवळे हसरे तोंड १९६३ मध्ये हार्वे बॉल नावाच्या अमेरिकन चित्रकाराने एका विमा कंपनीसाठी काढले आणि त्याला त्याचे ४५ डॉलर मिळाले. सगळ्या जगाने पुढे ते फुकट वापरले. डिझाइन चार्ज का लावता, असे विचारणाऱ्यांना आम्ही हीच गोष्ट सांगतो.

ऑर्डर देताना

मॅटर कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर लिहूनच द्या, फोनवर सांगितलेले घेत नाही. “श्री” की “सौ”, “कार्याध्यक्ष” की “कार्यवाह”, हे तोंडी ऐकून लिहिले की भांडणे होतात. आम्ही प्रूफ पाठवतो. ते मोठे करून वाचा, विशेषतः तारीख आणि वार एकमेकांशी जुळतात का बघा, आणि मगच “ओके” लिहा. नुसता अंगठा पाठवला तर काम मशीनवर जात नाही. हा नियम काहींना जाचक वाटतो. पण अंगठा कशाला होता, प्रूफला की आमच्या “नमस्कार”ला, हे नंतर सिद्ध करता येत नाही. “ओके” नंतर चूक निघाली आणि ती मॅटरमधलीच असेल, तर दुसऱ्या प्रिंटचे पैसे लागतील. आमची चूक असेल तर बॅनर त्याच दिवशी बदलून, घरपोच.

दरवर्षी पुन्हा वापरायचा असेल तर बॅनरवर साल आणि तारीख छापूच नका. “वाचन प्रेरणा दिन” एवढेच मोठे घ्या, खाली वेल्क्रोची पट्टी लावून देतो, तारीख दरवर्षी चिकटवा. पट्टीचा खर्च नव्या बॅनरच्या मानाने किरकोळ असतो. कापडी बॅनर फ्लेक्सपेक्षा थोडा महाग पडतो, पण घडी घालून कपाटात राहतो आणि उन्हात चिरत नाही.

११ ते २० ऑक्टोबर मशीनवर मंडळांची कामे आधी लागतात, त्यात बदल होणार नाही. १५ आणि १६ तारखेची कामे ५ ऑक्टोबरपर्यंत दिलीत तर डिझाइन चार्जमध्ये सवलत आहे आणि बॅनरसोबत मुलांसाठी गोल बॅजचा एक संच मोफत. १० नंतर आलेल्या कामाला नाही म्हणणार नाही, पण तयार डिझाइनमधलेच निवडावे लागेल आणि माल न्यायला दुकान बंद होण्याआधी स्वतः यावे लागेल. भुलाबाईची कार्डे मात्र कधीही मिळतील, ती छापून ठेवली आहेत.