सातव्या मजल्यावरून पडलेलं विमान

आरसी विमान, म्हणजे रेडिओ रिमोटने उडवायचं मॉडेल, नवीन घेतलेले बरेच जण विचारतात मोटर कुठली, बॅटरी किती सेलची, पण सिग्नल गेला तर हे पडणार कुठे हे फारसं कोणी विचारत नाही, आणि मला तर तोच पहिला प्रश्न वाटतो. 2 किलोचं मॉडेल सेकंदाला 20 मीटरने, म्हणजे ताशी 72 किमीने जात असेल तर त्यात 400 ज्यूल ऊर्जा असते. तेच 2 किलो सातव्या मजल्यावरून सोडले तर खाली पोचताना साधारण एवढीच ऊर्जा होते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. आणि थर्माकोलचं तर आहे, काय होतंय असं म्हणू नका हो, आतली बॅटरी आणि मोटर हातात घेऊन बघा, खरं वजन तिथेच असतं.

या वेगात तुम्ही 2 सेकंद गोंधळलात तरी विमान 40 मीटर पुढे गेलेलं असतं, म्हणून माणसं, पोरंसोरं, गाड्या सगळं आपल्या पाठीमागे ठेवायचं आणि विमान कायम समोरच्या बाजूला, डोक्यावरून एकदाही न्यायचं नाही.

आता फेलसेफ, म्हणजे सिग्नल गेल्यावर विमानाने आपोआप काय करायचं याचं सेटिंग. सिग्नल तुटला की काही रिसीव्हर (विमानातला सिग्नल घेणारा भाग) शेवटची आज्ञाच धरून बसतात, म्हणजे थ्रॉटल (मोटरचा वेग ठरवणारी स्टिक) फुल असेल तर विमान फुल थ्रॉटलवरच पळत राहतं. सेटिंग असं हवं की सिग्नल गेला की मोटर बंद. हे घरीच तपासता येतं, प्रोपेलर काढा, थ्रॉटलने मोटर थोडी फिरवा आणि ट्रान्समीटर (हातातला रिमोट) बंद करा, मोटर थांबली तर ठीक, नाहीतर त्या दिवशी उडवूच नका. प्रोपेलर आधी काढायचा हे मात्र विसरू नका, 10 इंची प्रोपेलर मिनिटाला 9000 फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याचं टोक ताशी जवळपास 430 किमीने जात असतं, बोट मध्ये आलं तर मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. रोज चालू करताना आधी ट्रान्समीटर, मग विमानाची बॅटरी, बंद करताना बरोबर उलटं.

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी फुगली की तिचा मोह सोडा. चार्जिंगला लावून झोपायचं नाही, बाहेर जायचं नाही.

जागेचं म्हणाल तर ड्रोन रूल्स 2021 प्रमाणे ग्रीन झोनमध्ये, म्हणजे जिथे आधी परवानगी लागत नाही तिथे, 400 फुटांपर्यंत उडवता येतं, विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किमीच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतच, त्यामुळे पुण्यात लोहगाव विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांनी घरातून निघायच्या आधीच डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटवरचा झोनचा नकाशा बघावा.

आणि विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, नवशिक्यांची विमानं इथेच जातात. तेव्हा जो पंख खाली झुकलाय त्याच बाजूला स्टिक ढकलायची, विमान सरळ होतं.